व्यत्ययाचे रसग्रहण

मराठी समीक्षेने आजवर कशाला सोडले आहे? कवितेला सोडले नाही, नाटकाला सोडले नाही. कला कलेसाठी की जीवनासाठी, या एका प्रश्नावर फडके-खांडेकरांच्या काळात जेवढी शाई सांडली तेवढ्यात एखादी शाळा वर्षभर शुद्धलेखन लिहिती. पण ज्या कलाकृतीसमोर आमच्या नाशिकची एक अख्खी पिढी डोळे ताणून बसली, तिच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. ती कलाकृती म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरचा व्यत्यय.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. मध्ये सह्याद्री आडवा, त्यामुळे मुंबईचे चित्र आमच्याकडे यायचे ते कसाऱ्याचा घाट पायी चढून आल्यासारखे धापा टाकत. पुढे ऐंशीच्या दशकात गावोगाव लहान प्रक्षेपण केंद्रे झाली आणि चित्राला जरा बाळसे आले. पण तोवर घराघरात मिक्सर आले होते, दारादारात स्कूटरी आल्या होत्या.

सामान्य प्रेक्षक या सगळ्याला सरसकट 'मुंग्या' म्हणायचा. ही समीक्षेची पहिली चूक. मुंग्या म्हणजे कमजोर सिग्नल. त्या पडदाभर सारख्या पसरतात, कोणाचा पक्ष घेत नाहीत. ठिणगीचा व्यत्यय निराळा. त्याला व्यक्तिमत्त्व असते. स्कूटर आली की ठिपक्यांच्या ओळी पडदाभर पळायच्या आणि पिळली की दाट व्हायच्या. शेजारचा मिक्सर म्हणजे दोन रुंद, खरबरीत पट्टे, संथपणे वर सरकणारे. चटणी झाली की पट्टे संपले. ट्यूबलाइटचा स्टार्टर दोनचारदा चमकून गप्प. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन बारीक रेघा मारून तिथेच ठाण मांडणार, नको त्या पाहुण्यासारखा. जाणकार माणूस पडद्याकडे बघून गल्लीत कोणाकडे काय चालले आहे ते सांगू शकत असे. पिठाच्या गिरणीला मात्र लोक उगाच शिव्या द्यायचे. तिच्या मोटरला बहुधा कार्बन ब्रशच नसतात, मग ठिणगी उडणार कुठून? पण गिरणी आवाज करते, म्हणून आरोपी तीच.

आणखी एक गंमत. चित्राचा भुगा झाला तरी आवाज बऱ्यापैकी स्वच्छ यायचा. कारण चित्र लहरींच्या उंचसखलपणावर स्वार होऊन येई आणि आवाज त्यांच्या कंप्रतेवर. ठिणगी धक्का मारते तो उंचीला. म्हणून भीष्माचे तोंड ठिपक्यांनी भरलेले असले तरी त्याचा उपदेश शेवटपर्यंत ऐकू यायचा.

या व्यत्ययावर उपाय सांगणाऱ्यांचे दोन संप्रदाय होते. एक अँटेनावादी. हे लोक गच्चीवर चढून बांबू फिरवीत आणि "आता?" म्हणून ओरडत. दुसरे थापटवादी, यांचा विश्वास सेटच्या डाव्या कुशीवर. माझे स्पष्ट मत असे की दोन्ही संप्रदाय रोग्याला सोडून आरशावर उपचार करीत होते. शेजारणीच्या मिक्सरमध्ये उडालेली ठिणगी तुमच्या गच्चीवर बांबू फिरवून कशी विझणार?

याचा निकाल लागलेला मी पाहिला तो पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षमळ्यात, १९८९ च्या फेब्रुवारीत. तोडणीचे दिवस. मावसभावाने डिझेलची व्हॅन मळ्यातच लावलेली, त्यातच झोपणे, त्यातच चहा. त्या काळी बारा व्होल्टवर चालणारे लहान काळेपांढरे टीव्ही मिळत. गाडीच्या बॅटरीवर तसा एक लावलेला, कारण रविवारी सकाळी 'महाभारत' असायचे आणि आत्याबाईंनी ते चुकवले असते तर तोडणी थांबली असती. त्यांना दम्याचा त्रास, म्हणून डॅशबोर्डवर एक छोटा पंखाही.

इंजिन बंद ठेवले तर बॅटरी उतरण्याची भीती. चालू ठेवले तर कौरव-पांडव दोघेही ठिपक्यांत बुडायचे. गावातल्या मेकॅनिकने छातीठोकपणे सांगितले, "प्लग बदला." डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हे त्याला सांगायचे धाडस कोणी केले नाही. शेवटी एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ आले. हातात हत्यार एकच : ट्रान्झिस्टर. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधला काटा लावला आणि डॉक्टर छातीवर नळी फिरवतो तसा तो बॉनेटवर फिरवला. डायनामोपाशी खरखर वाढली, ॲक्सिलरेटर दाबला तशी किंचाळली. इंजिन बंद केले. तरी खरखर थोडी उरलीच. ट्रान्झिस्टर सरकत सरकत पंख्यापाशी आला.

"हा बघा दुसरा."

"तो बंद करा," अण्णा म्हणाला.

"तो बंद केला तर माझा जीव जाईल," आत्याबाई म्हणाल्या, "आणि टीव्ही बंद केला तर तुझा."

गृहस्थांनी दोन्ही वाचवले. डायनामोच्या मुख्य टोकापासून गाडीच्या पत्र्याला एक कंडेन्सर जोडला (फील्डच्या टोकाला नव्हे, तिथे जोडला तर रेग्युलेटरची वाट लागते, हे त्यांनी दोनदा बजावले). पंख्याच्या मोटरला अगदी चिकटून दुसरा, बोराएवढा. टीव्हीची वायर डॅशबोर्डवरून काढून थेट बॅटरीला नेली. अँटेनाची चपटी दोन पदरी वायर काढून जाळीदार वेष्टनाची गोल वायर घातली आणि बांबू गाडीपासून लांब रोवला. पडदा असा निवळला की आत्याबाईंनी शकुनीला पहिल्यांदा नीट पाहिले आणि लगेच त्याला शिव्या दिल्या.

मळ्यात हे जमले, कारण डायनामो, पंखा आणि टीव्ही तिन्ही एकाच घरचे होते. गल्लीत तसे नसते. मिक्सर जोश्यांचा, स्कूटर कुलकर्ण्यांची आणि पडदा आमचा. कंडेन्सरला पैसे मामुली, पण जोश्यांनी ते का द्यावेत? त्यांची चटणी उत्तमच होत होती. दूरदर्शन स्वतःच्या व्यत्ययाबद्दल पडद्यावर पाटी लावून खेद व्यक्त करायचे. मिक्सरबद्दल कोणी कधी केल्याचे ऐकिवात नाही. सौजन्याला किंमत थोडी आणि गिऱ्हाईक त्याहून थोडे.

आता डिशच्या लहरी इतक्या वरच्या कंप्रतेच्या की स्कूटरच्या ठिणगीचा हात तिथवर सहसा पोचत नाही. बिघाड झाला तर चित्राचे चौकोन होतात किंवा पडदा सरळ काळा पडतो. कोणाची चटणी, कोणाची स्कूटर, काही कळायला मार्ग नाही. कलाकृती म्हणून हा बिघाड निरक्षर आहे.

पण जुने घराणे अगदीच बुडालेले नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यानंतर आमच्या पुतण्याने हौसेने अशी एक गाडी भाड्याने घेतली आणि गंगापूर धरणाच्या काठी लावली. आत पलंग, फ्रीज, टीव्ही. चित्र आरशासारखे, पण स्पीकरमधून सतत भुणभुण. तो नवा स्पीकर मागवायच्या बेतात होता. मी म्हटले, एकेक वस्तू बंद करून बघ. दिवे झाले, चार्जर झाला, फ्रीज झाला, भुणभुण कायम. उरला इन्व्हर्टर. स्वस्तातला, लहरींच्या जागी पायऱ्या काढणारा.

"काका, हा तर गाडीवाल्यानेच बदलायला हवा."

"मग त्याला सांग."

त्याने फोन लावला. गाडीवाल्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, टीव्ही जरा फिरवून बघता का?"