गोडबोले प्राध्यापकांचे देवास

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागले की घाटाआधी सिमरोल येते. बरीच वर्षे हे वाटेवरचे गाव होते, आता ते इंदूरच्या आयआयटीचे गाव झाले आहे. तंत्रज्ञानाच्या या संस्थेत मानव्यविद्या आणि समाजविज्ञानांचाही विभाग आहे. इथून इंदूर ओलांडून पलीकडे गेले की देवास. ई. एम. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीचा तिसरा भाग त्या देवासच्या राजवाड्यातून आला. तो राजवाडा मराठी होता. इंग्रजी समीक्षेला ही गोष्ट तोंडओळखीपुरती माहीत आहे आणि मराठी समीक्षेने ती आपली म्हणून कधी फारशी हाती घेतली नाही. अभिजात कादंबरीमागचा समाज आणि काळ शोधण्याची आपल्याकडे आज काय अवस्था आहे, हे पाहायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

देवासची रचनाच चमत्कारिक होती. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशांची, थोरल्या आणि धाकट्या पातीची, दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. हद्द रस्त्यांमधून जाई. थोरल्या पातीचे तुकोजीराव (तिसरे) यांना माल्कम डार्लिंग हा इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून लाभला आणि त्याच्या ओळखीने फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिवाळ्यात इथे पहिल्यांदा आला. १९२१ मध्ये तो महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. बागा, मोटारखाना, विजेचे काम असली खाती त्याच्याकडे होती. ऑगस्टमध्ये त्याने राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव दिवसेंदिवस पाहिला आणि घरी लांबलचक पत्रे लिहिली. १९१३ मध्ये सुरू करून अडकून पडलेली कादंबरी या मुक्कामानंतर पुढे सरकली. कादंबरीतल्या 'मऊ' संस्थानाचा जन्मोत्सव तो हाच.

त्या उत्सवात उभे राहून भजन करणारा माणूस कोण? नारायण गोडबोले. आधी कादंबरीतल्या चंद्रपूरच्या सरकारी कॉलेजात प्राध्यापक, मग मऊच्या दरबारात शिक्षणमंत्री. मुखी तुकारामाचे नाव. फॉर्स्टर त्याला 'दख्खनी ब्राह्मण' म्हणतो, आणि आवृत्त्यांच्या टिपा लिहिणारे बहुतेक तिथेच थांबतात. मराठी वाचकाला मात्र आडनाव वाचताच पुढचे प्रश्न सुचायला हवेत. एक कोकणस्थ, मराठा राजाच्या दरबारात, तुकोबांच्या नावात तल्लीन होऊन उभा आहे. १९२१ साली हे चित्र साधे नव्हते. तुकोजीराव राजर्षी शाहूंचे जावई होते. कोल्हापुरात १८९९ पासून वेदोक्ताचा, म्हणजे मराठा राजघराण्याला वैदिक मंत्रांचा अधिकार आहे का याचा, वाद पेटला होता. १९०२ मध्ये शाहूंनी नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखल्या आणि १९२० मध्ये मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ उभे केले. सासऱ्याच्या घरी ब्राह्मण पुरोहिताचे स्थान असे हलत असताना जावयाच्या दरबारी गोडबोले कोणत्या मानाने उभा राहिला असता? महाराणी देवास सोडून कोल्हापूरला निघून गेल्या होत्या, हाही त्या घरातल्या ताणाचाच भाग. फॉर्स्टरला हे सारे ऐकून माहीत असेल, पण कादंबरीत गोडबोले जातीच्या राजकारणाच्या पलीकडे तरंगतो. ते फॉर्स्टरचे स्वातंत्र्य, तक्रार त्याच्याबद्दल नाही. अभ्यासकांनीही त्याच्याबरोबर तरंगायचे कारण नव्हते.

इंग्रजीत काम कमी झालेले नाही. पी. एन. फरबँकचे दोन खंडांतले चरित्र आहे, कादंबरीच्या हस्तलिखित मसुद्यांची ऑलिव्हर स्टॅलीब्रासने केलेली छाननी १९७८ मध्ये छापून आली, जी. के. दास यांनी फॉर्स्टरच्या हिंदुस्थानावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. बराबरची लेणी 'मराबार' कशी झाली, बाँकीपूरचे चंद्रपूर कसे झाले, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. ही शिस्त हेवा वाटावा अशीच आहे. पण देवासचा विषय आला की या सगळ्यांचा मुख्य साक्षीदार एकच, खुद्द फॉर्स्टर. 'द हिल ऑफ देवी' हे त्याचे पुस्तक १९५३ चे, म्हणजे देवासहून निघाल्यावर बत्तीस वर्षांनी निवडून, जुळवून, मधे निवेदन घालून केलेले. महाराज कर्जात बुडाले, १९३३ मध्ये पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. फॉर्स्टर त्यांचा मित्र. त्याने पुस्तक मित्राच्या बाजूने लिहिले आणि ते त्याला शोभतेही. मात्र मित्राच्या कैफियतीला दरबाराचा इतिहास मानायचे नसते. राजवाड्यातल्या एका नाभिकाशी आलेल्या खासगी संबंधांचे टिपण त्याने पुस्तकातून वगळले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ च्या आवृत्तीत, बाहेर आले. एवढे झाकून ठेवलेले पुस्तक देवासच्या रयतेबद्दल, सारावसुलीबद्दल, उत्सवाच्या खर्चाबद्दल सगळे सांगत असेल असे कशावरून?

नाभिकाचा विषय निघाला म्हणून आपल्या अंगणात येतो. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. नायिका यमूच्या केशवपनाने ती कादंबरी मराठी मनात रुतली. तिची 'सामाजिक पार्श्वभूमी' प्रबंधांत कशी लिहिली जाते हे कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिसेल: १८१८, इंग्रजी शिक्षण, मिशनरी, विधवाविवाह, आगरकर, संमतिवयाचा कायदा, आणि मग प्रकरण दुसरे. सनावळी बरोबर असते, पण कादंबरीशी तिचे नाते जुळत नाही. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरले. पुण्याच्या माजघरात यमू मनात कुढत होती तेव्हा मुंबईत वस्तरा धरणारा माणूस नकार देत होता. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की आपट्यांची नजर कुठवर पोचली आणि कुठे थांबली हे एका दमात कळते. त्यात हरिभाऊंचा पाणउतारा होत नाही. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापलेल्या आनंदाश्रमाची, संस्कृत पोथ्या छापणाऱ्या संस्थेची, व्यवस्था त्यांनी आयुष्यभर सांभाळली. त्या घरात बसून त्यांनी यमूला 'मी' म्हणून बोलायला लावले, याचे मोल उलट वाढते.

आपल्याकडे चांगले नमुने नाहीत असेही नाही. वि. का. राजवाडे यांचा १९०२ चा 'कादंबरी' हा निबंध आजही तिखट वाटतो. कुसुमावती देशपांडे यांनी पहिल्या शतकाचा आढावा घेतला तो कादंबऱ्या खरोखर वाचून. पण माझ्या मते या कामाचा खरा धडा सरोजिनी वैद्य यांनी घालून दिला. काशीबाई कानिटकरांचे आत्मचरित्र आणि चरित्र त्यांनी कागदपत्रांतून उभे केले आणि त्यातून हरिभाऊंच्या भोवतीचे जग एका लिहित्या बाईच्या डोळ्यांनी दिसू लागले. काशीबाई हरिभाऊंच्या स्नेही होत्या, स्वतः कादंबरीकार होत्या. त्यांना बाजूला ठेवून यमूवर लिहिणारा समीक्षक अर्धेच वाचतो आहे. वैद्यांनी वाट दाखवली, पण त्या वाटेने गेलेली माणसे थोडी, कारण ती वाट कष्टाची आहे. तिथे सिद्धान्तांची नावे घेऊन भागत नाही, जुनी पत्रे लावत बसावे लागते.

देवासच्या बाबतीत अशा कष्टांना वाव मोठा आहे. मध्य हिंदुस्थान एजन्सीचे मुख्य ठाणे इंदूरच्या रेसिडेन्सीतच होते आणि तिचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पोलिटिकल खात्याला तुकोजीराव कसे दिसत होते ते त्यातून कळते, अर्थात तेही एका पक्षाचेच म्हणणे. तिसरी बाजू मराठी. माळव्यातल्या मराठी सरदार घराण्यांचा पत्रव्यवहार आणि जमाखर्च मोडीत चाले. गोकुळाष्टमीला तूप किती, गवयांची बिदागी किती, कीर्तनकार कुठून आले, हे फॉर्स्टरच्या पत्रात रंगांच्या आणि गोंधळाच्या रूपाने येते. जमाखर्चात ते आकड्यांनी आणि नावांनी येते. त्या नावांत एखादा गोडबोले असेल किंवा नसेलही. नसला तरी त्याच्या जागी कोण होते हे कळेल.

या मुलखाला वाङ्मयाचे वावडे नव्हते. कवी भा. रा. तांब्यांचे शिक्षण देवासला झाले. इंदूरला १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले, मग १९३५ मध्ये आणि २००१ मध्येही. फॉर्स्टर बागेचे नळ आणि मोटारींचे टायर मोजत होता तेव्हा पस्तीसेक किलोमीटरवर मराठी वाचणारे-लिहिणारे एक जाणते शहर होते. तिथल्या लोकांच्या दैनंदिन्या, पत्रे, सभांची इतिवृत्ते जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पडून आहेत. वाडे पाडून तिथे बहुमजली इमारती उठत आहेत आणि कागद रद्दीच्या भावाने जात आहेत. माळव्यातल्या मराठी घरांची नवी पिढी घरातही हिंदी बोलते. त्यात दोष काही नाही, पण आजोबांची मोडी वही तिच्या लेखी नुसता जुना कागद आहे.

म्हणून सुचवणे इतकेच. इंदूर परिसरातल्या विद्यापीठांनी आणि सिमरोलच्या विभागानेही फॉर्स्टरवर आणखी एक वसाहतोत्तर निबंध लिहून घेण्याआधी दोन-तीन विद्यार्थ्यांना मोडी शिकवावी. तंत्रज्ञानाची संस्था दाराशी आहेच, तर मोडी कागदांचे छायांकन आणि सूची हा तिथल्या संगणकवाल्यांनाही रस वाटावा असा उद्योग आहे. आणि इंदूर, देवास, धार, महू इथल्या मराठी कुटुंबांना विनंती: माळ्यावरच्या पेटीत १९४७ च्या आधीचा कागद असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या एखाद्या माणसाला तो दाखवा.