कर्त्याचा लोप आणि वृत्तपत्र-व्यवस्थापनाचे दायित्व

मराठी वाक्यातून कर्ता वगळता येतो. व्यवहारातून मात्र तो वगळता येत नाही. ‘मजकूर प्रसिद्ध करण्यात आला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; पण तो कोणी प्रसिद्ध केला, याचे उत्तर त्यात नाही. वृत्तपत्र-संस्थेच्या नीतीचा विचार या रिकाम्या जागेपासूनच करावा लागतो.

महाराष्ट्र विधानसभेसाठी 13 ऑक्टोबर 2009 रोजी मतदान झाले. त्यापूर्वी तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची प्रशस्ती करणारा एकच मजकूर ‘लोकमत’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘पुढारी’ या स्पर्धक दैनिकांत आल्याचे पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी ‘द हिंदू’तून दाखवून दिले. दोन वार्ताहरांना एकच माहिती मिळणे शक्य आहे. तीच वाक्ये आणि तोच विशेषणांचा क्रम स्वतंत्रपणे सुचणे शक्य नाही. तेव्हा या तिघांपैकी निदान दोघांनी परक्याचा मजकूर आपला म्हणून छापला, असे म्हणणे प्राप्त होते.

पैसे दिले गेले, हे मात्र एवढ्याने सिद्ध होत नाही. निवडणूक आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध जुलै 2014 मध्ये काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये रद्द केला. परंतु तेथील वाद उमेदवाराच्या खर्चाचा होता. हा मजकूर वृत्ताच्या जागी कोणाच्या निर्णयाने आला, हा वाचकाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

1867 च्या मुद्रण कायद्यानुसार प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापले जाई आणि मजकुराच्या निवडीची जबाबदारी त्याच्यावर असे. उलट, पैसे घेऊन वृत्त छापण्याच्या प्रथेची चौकशी करणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला या व्यवहारात पत्रकारांबरोबरच व्यवस्थापक, मालक व जाहिरातसंस्था गुंतलेल्या आढळल्या. निर्णय एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, ही फारकत हेच या प्रकरणाचे मर्म होय.

परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांच्या या उपसमितीने 2010 मध्ये सविस्तर अहवाल सादर केला; त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने जुलै 2010 मध्ये स्वीकारलेल्या संक्षिप्त अहवालातून ती गळाली. मूळ अहवाल 2011 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतरच खुला झाला. ज्या दोषाची चौकशी करावयाची, तोच दोष, म्हणजे कर्त्याचा लोप, चौकशीच्या भाषेत उतरला. सर्वांवर ठेवलेला ठपका अखेर कोणावरच राहत नाही.

याची किंमत वाचक देतो. डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावात वारली बोलणाऱ्या कुटुंबातील मुलाला प्रमाण मराठी शाळेत शिकावी लागते. छापील शब्दाला तो ज्ञानाचा मान देतो. वृत्त आणि जाहिरात यांतील भेद त्याला केवळ चौकटीवरील ‘जाहिरात’ या एका शब्दाने कळू शकतो. तो शब्द गाळणे ही मुद्रणातील चूक नव्हे. तो व्यवस्थापनाचा निर्णय आहे, आणि निर्णयाला कर्ता असतोच.