चाकातून निघालेला उजेड

भोपाळची अवधपुरी भेलच्या वसाहतीला लागून वाढलेली. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्स या नावानं उभी राहिलेली आणि 1974 मध्ये भेलमध्ये विलीन झालेली ही कंपनी इथं जलविद्युत केंद्रांची अजस्र जनित्रं घडवत आली आहे. शिफ्ट सुटल्यावर अंधारात घरी निघालेल्या कामगाराच्या सायकलला असायचा तो दिव्याचा डायनामो मुठीत मावेल एवढा. पण दोन्हींची रचना एकच: तारेचं वेटोळं स्थिर आणि त्याच्या आत चुंबक फिरतं. फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेला नियम कारखान्याच्या आत टनावारी वजनाचा होतो, बाहेर टायरला टेकून गुणगुणतो. या छोट्या रूपाचं मला अधिक अप्रूप आहे, कारण इथं धरणातल्या पाण्याच्या जागी माणसाचे पाय आहेत.

या दिव्याचं सौंदर्य त्याच्या काटकसरीत आहे. सगळी मिळून 6 व्होल्ट, 3 वॅट. त्यातले 2.4 पुढच्या बल्बला, 0.6 मागच्या लाल दिव्याला. प्रत्येक दिव्याला तार एकच. वीज परत येते ती सायकलच्या सांगाड्यातून. म्हणून डायनामो बसवताना पट्टीचा टोकदार स्क्रू रंगाचा थर फोडून लोखंडाला भिडावा लागतो. डायनामोचा आस नेमका चाकाच्या मध्याकडे रोखलेला हवा, नाहीतर त्याची चकरी टायरची कड खात राहते. पुढच्या दिव्याची मानही किंचित खाली हवी. जुन्या जर्मन नियमाप्रमाणे झोताचा मध्य पाच मीटरवर दिव्याच्या निम्म्या उंचीपर्यंत उतरलेला असावा. या मापात मला मोठं सौजन्य दिसतं: रस्ता मला दिसावा, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत.

आणि मग लय. भोपाळच्या चढावर सायकलस्वार धापा टाकतो तसा उजेड पिवळा पडतो, थरथरतो. उतार लागला की पांढरा होऊन पुढं धावतो. लांबून नुसता दिवा बघून चढ, थकवा, घाई सगळं वाचता येतं. बॅटरीचा एलईडी एकसारखा जळतो आणि सुरक्षिततेच्या हिशेबात तो सरस आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण तो स्वाराबद्दल काही सांगत नाही. डायनामोला स्वतःची मर्यादाही कळते. वेग वाढला की वेटोळ्याचा विरोधही वाढतो, त्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास रोखला जातो.

उणीव एकच, पण गंभीर. सायकल थांबली की दिवा विझतो, आणि चौकात उभ्या माणसाला तर दिसण्याची गरज सर्वांत जास्त. अलीकडच्या दिव्यांत कपॅसिटर थोडी वीज साठवून थांबल्यावरही काही मिनिटं उजेड टिकवतो. जुन्या रचनेत झालेली ही भर मला अगदी योग्य वाटते.

मागच्या दिव्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. स्वाराला तो कधी दिसतच नाही. तो मागून येणाऱ्यांसाठी असतो. तो उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्या बल्बवर येते आणि जोरात पॅडल मारताच तोही उडतो. म्हणून निघण्याआधी डायनामोचं चाक उचलून हातानं गरगर फिरवावं आणि पुढचा दिवा बघण्याआधी मागचा बघावा.