‘स्मृतिचित्रे’ : प्रेमाचा क्रम आणि ‘मी’ची घडण

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४पासून भागशः प्रसिद्ध) हे आत्मचरित्र बहुधा धर्मांतराची कहाणी म्हणून वाचले जाते. परंतु धर्मांतर म्हणजे निर्णयाचा एक क्षण असे मानले, तर या संहितेची रचना उलगडत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो सुमारे पाच वर्षांनी घेतला. संहितेचे मर्म या मधल्या वर्षांत आहे.

माणसाची घडण तो काय जाणतो यापेक्षा कशावर प्रेम करतो यावर ठरते, हा संत ऑगस्टीनचा विचार. प्रेम हे त्याच्या मते आत्म्याचे वजन होय. ते ओढील तिकडे माणूस जातो. म्हणून खरा प्रश्न प्रेमाच्या असण्यानसण्याचा नसून त्याच्या क्रमाचा असतो.

लक्ष्मीबाई परततात त्या पतीच्या ओढीने, ख्रिस्ताच्या नव्हे. परतल्यावरही त्यांचे सोवळे सुटत नाही. पुढे जातिभेद मनुष्यनिर्मित असल्याचे त्यांना उमगते आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागते. बाप्तिस्मा येतो तो त्यानंतर. येथे आचार श्रद्धेचा अनुयायी नाही. तो तिची वाट तयार करतो.

पतीच्या ओढीने पत्करलेला धर्म ही पातिव्रत्याचीच नवी आवृत्ती नव्हे काय, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर निवेदनातील विनोदात सापडते. टिळकांचा तापटपणा, लहरीपणा, हाती पैसा न टिकणे हे सारे लक्ष्मीबाई मिस्कीलपणे सांगतात. पती हाच देव मानणाऱ्या आदर्शात त्याच्या दोषांची इतकी मोकळी नोंद शक्य नसते. येथे पती देवपदावरून उतरतो आणि माणूस म्हणून अधिक प्रिय होतो. अर्थात, हसणारी निवेदिका उत्तरायुष्यातली आहे. सोसणारी लक्ष्मी वेगळी. या दोघींमधील अंतर हेच घडणीचे माप होय.

१९१९ मध्ये टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. ही पतिनिष्ठा की ख्रिस्तनिष्ठा, हा प्रश्न तेथे निरर्थक ठरतो. क्रम लागलेल्या प्रेमात लहान प्रेम मोठ्यात विरून जात नाही, आपल्या जागी टिकते. ‘स्मृतिचित्रे’ हा सिद्धान्त कोठेही उच्चारीत नाही. तो चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी घडत राहतो, आणि मराठी ख्रिस्ती साहित्याच्या मूल्यमापनात या कृतीचे स्थान त्यामुळेच वेगळे ठरते.