‘प्रिय बाई’ : शालेय सामूहिक लेखन आणि सहयोगी अध्ययनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

शालेय शिक्षणाच्या चर्चेत ‘सहयोगी अध्ययन’ ही संज्ञा आता चांगलीच रूढ झाली आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावादी दृष्टीचा पुरस्कार केला आणि त्यानंतर महाराष्ट्रातील वर्गांतही गटकार्य, प्रकल्प, भित्तिपत्रक, हस्तलिखित अंक यांची चर्चा वाढली. मात्र अनेक विद्यार्थ्यांनी मिळून लिहिणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चाळीस मुलांची चाळीस पाने एकत्र बांधली की ‘वर्गाचे हस्तलिखित’ तयार होते. परंतु त्यातील एकाही मुलाने दुसऱ्याचे वाक्य वाचलेले असेल, याची खात्री नसते. या पार्श्वभूमीवर शालेय मुलांनी खऱ्या अर्थाने सामूहिकपणे लिहिलेल्या एका पुस्तकाची चिकित्सा उपयुक्त ठरेल. मूळ इटालियन भाषेत मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी वाचकांना ‘प्रिय बाई’ या नावाने परिचित आहे. त्यातील आशयाची, म्हणजे नापास करणाऱ्या शाळेवरील आरोपपत्राची, चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या पुस्तकाची लेखनपद्धती हा आहे.

बार्बियानाची शाळा

फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लो भागातील डोंगरावर बार्बियाना ही विरळ वस्ती आहे. लोरेन्झो मिलानी (१९२३–१९६७) हे कॅथलिक धर्मगुरू डिसेंबर १९५४ मध्ये तेथे आले, तेव्हा तेथे धड रस्ता नव्हता आणि वीजही नव्हती. शाळेने नापास करून बाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी आपल्या घरातच शाळा सुरू केली. ती दिवसाचे बारा तास आणि वर्षभर चाले. मोठी मुले लहानांना शिकवत, आणि मागे पडलेल्या मुलाला समजेपर्यंत बाकीची मुले पुढे जात नसत. याच शाळेतील मुले पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या शाळेत गेली आणि नापास झाली. नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेले पत्र, असे या पुस्तकाचे रूप आहे. पुस्तकाच्या प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत, २६ जून १९६७ रोजी, मिलानींचे निधन झाले.

लेखनाची पद्धत

पुस्तकाचा निवेदक एकच मुलगा भासतो. प्रत्यक्षात लेखक आठ आहेत. हा एकसंध आवाज कसा घडला, याचे वर्णन पुस्तकातच येते. प्रत्येकाच्या खिशात टिपणवही असे. सुचलेला विचार स्वतंत्र चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूस लिहिला जाई. मग एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडून पुनरुक्ती काढून टाकली जाई. परस्परसंबंधित चिठ्ठ्यांच्या गड्ड्या म्हणजे प्रकरणे आणि त्यांतील लहान गड्ड्या म्हणजे परिच्छेद. ज्या परिच्छेदाला नाव देता येत नाही, तो एकतर पोकळ असतो किंवा त्यात फार गोष्टी कोंबलेल्या असतात. पुढे आराखडा चक्रमुद्रित करून कात्री आणि डिंकाच्या साहाय्याने क्रम बदलला जाई. त्यानंतर अनावश्यक शब्द, जादा विशेषणे, कठीण शब्द, लांबलेली वाक्ये आणि असत्य विधाने शोधून काढण्याची जणू चढाओढ लागे. शेवटी बाहेरच्या माणसांना, शक्यतो फारसे न शिकलेल्यांना बोलावून त्यांच्याकडून मजकूर मोठ्याने वाचून घेतला जाई. त्यांना जे समजले नाही, ते बदलले जाई.

या पद्धतीला पूर्वपरंपरा आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) यांनी १९२० च्या दशकात वर्गात छपाईयंत्र आणून मुलांचे लेखन मुलांकरवीच छापण्याचा प्रघात पाडला होता. त्या विचाराने प्रेरित झालेले इटालियन शिक्षक मारिओ लोदी (१९२२–२०१४) १९६३ मध्ये बार्बियानास आले. त्यानंतर दोन्ही शाळांतील मुलांमध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्यातून बार्बियानातील सामूहिक लेखनाला निश्चित आकार आला.

सहयोग : बेरीज की वजाबाकी?

या पद्धतीचे मर्म चिठ्ठ्या जमवण्यात नाही, त्या गाळण्यात आहे. विचार गोळा करणे कोणत्याही गटाला साधते. परंतु आपली चिठ्ठी बाजूला का गेली, हे कारणासह ऐकून घेणे आणि दुसऱ्याचे वाक्य कारणासह कापणे, येथे अध्ययन घडते. प्रत्येक कापलेल्या शब्दामागे एक वाद असतो, आणि तो वाद मुलांना आपल्या विधानाचा पुरावा शोधण्यास भाग पाडतो. पुस्तकातील शैक्षणिक आकडेवारीची मांडणी हे याचे ठळक उदाहरण आहे. एकट्याच्या रागाचे रूपांतर तेथे सर्वांनी तपासलेल्या कोष्टकात झाले आहे.

शाळेतील प्रचलित निबंधाशी या मुलांचा विरोध आहे, तोही याच कारणाने. रेल्वेचे डबे बोलू लागले आहेत, अशा कल्पनेवर परीक्षेत लिहावे लागल्याचा उल्लेख पुस्तकात येतो. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहीत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. अशा निबंधाला सांगण्याजोगे काही नसते आणि परीक्षकाखेरीज वाचकही नसतो. बार्बियानाचा पहिला नियम याच्या उलट आहे : अनेकांच्या उपयोगाचे, महत्त्वाचे काही सांगायचे असावे आणि ते कोणासाठी आहे हे ठाऊक असावे.

शिक्षकाचा हात

या पुस्तकाचा खरा लेखक मिलानीच असावा, असा आक्षेप घेतला जातो. तो सहज झटकण्यासारखा नाही. वाक्यांची धार आणि उपरोधाची सफाई पाहता प्रौढ हाताचा संशय येणे स्वाभाविक आहे. तथापि मुलांनी काही लपवलेले नाही. आपल्या गुरूने लेखनाचे नियम शिकवले आणि कामाला दिशा दिली, हे त्यांनी प्रारंभीच कृतज्ञतेने नोंदवले आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की अंतिम कसोटी शिक्षकाच्या हाती ठेवलेली नाही. वाक्य चांगले की वाईट, हे अल्पशिक्षित श्रोत्याच्या समजुतीवरून ठरते. शिक्षक नियम देतो, परंतु निवाडा वर्गाबाहेर होतो. शिक्षकाचा अधिकार आणि मुलांचे स्वातंत्र्य यांतील पेच या रचनेमुळे पूर्णतः सुटत नसला, तरी त्याला मर्यादा पडते.

पद्धतीच्या मर्यादा

पुस्तकाच्या खऱ्या मर्यादा अन्यत्र आहेत. पुस्तकाचा निवेदक मुलगा आहे. खालच्या गावातून मुली या शाळेत येत नाहीत, याची खंत पुस्तक व्यक्त करते व पालकांच्या मनोवृत्तीला दोष देते. पण मुलींचा अनुभव ‘आम्ही’मध्ये फारसा येत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पुस्तकात शेतकऱ्याचा जान्नी आणि डॉक्टरचा पिएरिनो हे दोन प्रातिनिधिक विद्यार्थी समोरासमोर उभे केले आहेत. बार्बियानाच्या टेबलाभोवती मात्र केवळ जान्नी बसलेले आहेत. तेथील सहयोग समदुःखींचा सहयोग आहे. सर्वसाधारण वर्गात दोघेही एका गटात येतात, तेव्हा पिएरिनो लिहितो आणि जान्नी कागद चिकटवतो. गुण दोघांना समान मिळतात, अध्ययन मात्र एकाचेच होते. या प्रश्नाचे थेट उत्तर पुस्तकात नाही.

तरीही उत्तराचे बीज पद्धतीतच आहे. सर्वांत कमी शिकलेल्याला समजेपर्यंत मजकूर पूर्ण झाला नाही, हा नियम मिश्र वर्गात लावला, तर जान्नीचे स्थान बदलते. त्याचे ‘समजले नाही’ हे अपयश न राहता संपादनाचा अधिकार ठरते. पिएरिनोला आपले ठेवणीतले शब्द सोडून अर्थ शोधावा लागतो. वर्गातील वेळेची आणि तासिकांची चौकट पाहता हे नेहमी शक्य होणार नाही. परंतु वर्षातून एक मजकूर तरी अशा रीतीने सिद्ध होऊ शकेल.

समारोप

एकाच मजकुरात अनेकांनी लिहिण्याची सोय आज संगणकाने सुलभ केली आहे. त्यामुळे लेखनात भर घालणे सोपे झाले; गाळण्याची शिस्त मात्र साधनातून येत नाही. ‘प्रिय बाई’चे महत्त्व ते मुलांनी लिहिले एवढ्यावर अवलंबून नाही. वर्गातील सर्वांत मागचा विद्यार्थी हाच मजकुराचा परीक्षक असू शकतो, हे या पुस्तकाने लिहिण्याच्या प्रत्यक्ष कृतीतून दाखवले. गटकार्याच्या वहीवर समान गुण लिहिण्यापूर्वी, त्या वहीतील कोणते वाक्य कोणाच्या सांगण्यावरून बदलले, एवढे शिक्षकाने विचारले, तरी सहयोगी अध्ययनाच्या मूल्यमापनाची दिशा बदलू शकेल.