रोड होल: अडचण आणि अडवणूक

मंडळी, गोल्फ हा शब्द उच्चारल्याबरोबर पुढच्या रांगेत हसू पिकलं, ते आम्ही पाहिलं. आपल्या बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसांना टँकरचं पाणी, आणि हे हिरवळीच्या खेळावर व्याख्यान देतात! पण स्कॉटलंडमधला सेंट अँड्रूजचा जुना कोर्स मुळात समुद्रकाठच्या वाळूवरचं आपसूक वाढलेलं गवत आहे. जमीन सार्वजनिक. एरवी रविवारी खेळ बंद, लोक तिथं फिरायला जातात. तिथलं सतरावं होल, ‘रोड होल’, आज तपासायचं आहे. अवघड म्हणजे काय, हे त्यात उघडं दिसतं.

चार फटक्यांत चेंडू खळग्यात जावा, अशी अपेक्षा. वाट उजवीकडं वळते आणि वळणावर हॉटेल उभं आहे. त्याच्या कोपऱ्यावरून चेंडू मारायचा. आवारात पडला तर दंड. भिऊन डावीकडं मारला तर पहिला फटका सुखरूप. पण खळग्याभोवतीची कातरलेली हिरवळ, म्हणजे ग्रीन, अरुंद नि तिरकं आहे. डावीकडून येणाऱ्याच्या आड रोड बंकर हा वाळूचा खोल खड्डा येतो, आणि पलीकडं रस्ता नि दगडी भिंत. उजवीकडून येणाऱ्याला तेच ग्रीन लांबीनं मिळतं. पहिल्या फटक्यात टाळलेलं भय दुसऱ्यात व्याजासकट फेडावं लागतं, बघा. तिसरी वाटही आहे: ग्रीनच्या अलीकडं उजवीकडं थांबावं, पाच फटके मोजावेत आणि पुढं जावं. दुबळ्यासाठी दार उघडं ठेवलंय, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या दौलताबादची अंधारी आठवा. तीही रचनाच, पण आलेला माणूस पलीकडं जाऊ नये म्हणून केलेली. ती अडवणूक. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’मध्ये खेळाची व्याख्या करताना म्हटलं की, गरज नसलेले अडथळे आपण राजीखुशीनं पत्करतो, तो खेळ. आम्ही त्यात एवढीच भर घालू की अडथळ्यानं निवडही शिल्लक ठेवावी.

मग हे होल दयाळू आहे का? मुळीच नाही. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा हलका पट घरंगळत बंकरात गेला आणि त्या होलवर नऊ फटके झाले. १९८४ मध्ये टॉम वॉटसन सहाव्या विजेतेपदाच्या दारात होता. त्याचा दुसरा फटका ग्रीन ओलांडून रस्त्यावर, भिंतीजवळ गेला. रस्ता इथं कोर्सचाच भाग, म्हणून चेंडू उचलायची मुभा नाही. वॉटसनचे पाच झाले, बायेस्टेरोसनं चारात सोडवलं, आणि ओपन त्यानंच जिंकली.

आता आमची तक्रार. २०१० च्या ओपनसाठी सुरुवातीची जागा सुमारे ४० यार्ड मागं नेली, ४५५ चे ४९५ यार्ड झाले. बाजू मांडणारे म्हणतात, हल्ली काठ्या नि चेंडू असे आलेत की जुनी लांबी पोरखेळ ठरत होती. त्यात तथ्य आहे. पण लांबी वाढवली की कोपऱ्यावरून मारायचं धाडस फक्त ताकदवानाच्या आवाक्यात उरतं. बेताच्या ताकदीच्या हुशार खेळाडूला डावी वाट निवडावी लागत नाही, ती त्याच्यावर लादली जाते. आम्ही जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या. तीन तासांत न मावणारे प्रश्न घातले की गुण खाली येतात, पण कोणाला विषय कळलाय ते कळत नाही.

त्याहून बारीक गोष्ट २०१२ च्या अखेरीस घडली. रोड बंकर अर्ध्या मीटरनं रुंद करायचं ठरलं. अर्धा मीटर म्हणजे काय, हातभर! पण तो वाढवला उजव्या बाजूला. जोखीम घेऊन उजवीकडून आलेल्याला जे मोकळं ग्रीन दिसत होतं, त्यातलंच ते कापलं. डाव्या बाजूला वाढवला असता, तर आम्ही हा विषय काढलाच नसता.