शेवटचे प्रकरण

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या टोपणनावातले अर्नाळे आज आमच्या पालघर जिल्ह्यात येते, आणि बोईसरच्या गाडीत झुंजार वाचीतच मी वाढलो. तो वेग अजूनही हेवा वाटावा असा. पण एक उणीव खटकते. प्रेत सापडले की घरातली माणसे संशयित म्हणून तेवढी उरतात. खुनी हाती लागल्यावर त्या घराकडे लेखक फिरकत नाही.

नरेंद्र दाभोलकरांचा खून पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. १० मे २०२४ ला न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. सूत्रधार तपासयंत्रणांना उघड करता आला नाही, असे न्यायालयानेच म्हटले. रहस्यकथेचे शेवटचे प्रकरण येथे संपले असते. मुक्ता आणि हमीद या मुलांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तपासासाठी त्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यात पाठलाग नाही, वेषांतर नाही. आहेत त्या पुढच्या तारखा. वडिलांचे दुःख करायला या तारखांमधून सवड कधी काढायची? नुसत्या तारखांवर कादंबरी उभी राहत नाही, असे प्रकाशक म्हणतील. म्हणोत. खून कुणी केला हे कळल्यावरही तो कुणी करविला हे विचारीत बसलेले घर आपल्या रहस्यकथेत माझ्या तरी वाचनात आलेले नाही.